आईचं दूध, उंदराचा विषाणू आणि एका आडनावाची हाक

(बेलपाडा, पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

व्याख्यानाचा विषय फलकावर लागला, तेव्हा एका ताईंनी आम्हाला चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत एकच ओळ होती: 'माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, मी तिचंच दूध प्यायले, आता मी माझ्या मुलीला पाजते आहे, यात काही धोका आहे का?' आज आपण जो इतिहास पाहणार आहोत, तो सगळा या एका ओळीभोवती फिरतो. उत्तर आम्ही शेवटी देऊ, पण ताई काळजीत बसायला नकोत म्हणून एवढं आत्ताच सांगतो, की निर्धास्त राहा. का, ते समजायला मात्र तासभर लागेल, कारण शास्त्रज्ञांना त्यासाठी साठ वर्षं लागली.

दुसरं म्हणजे, बेलपाड्यात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या शेजारीच, खारघरमध्ये, टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक आहे. आपल्यापैकी अनेकांनी तिथे नातेवाइकाला नेलं असेल, बाहेर झाडाखाली डबा उघडून बसलो असू. ती संस्था इथे 2002 च्या सुमारास आली. त्याआधी तिथली संशोधनाची शाखा परळला होती आणि तिथे पन्नाससाठच्या दशकांत नेमका हाच प्रश्न विचारला जात होता: कर्करोग आईकडून मुलीकडे जातो, तो रक्तातून की दुधातून?

परळमधले उंदीर

टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली परळला सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक नाव आपल्याला माहीत असायलाच हवं: डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917. हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमधून पदवी घेतली, लग्नानंतर मुंबईला आल्या. 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर बाटलीत अखंड वाढत राहिलेल्या 'हेला' पेशी ज्यांनी 1951 मध्ये वाढवल्या, तेच हे गाय. परत आल्यावर बाईंनी परळला पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

बाईंच्या कामाचा एक मोठा भाग उंदरांवर होता. काही वंशांच्या माद्यांना हमखास स्तनाच्या गाठी होतात, काहींना जवळजवळ होत नाहीत. मग यात आनुवंशिकता किती, संप्रेरकं म्हणजे हार्मोन्स किती आणि दुधातून जाणारं काही आहे ते किती? हे तीन धागे एकत्र कसे विणले जातात, हा त्यांचा प्रश्न होता. हे तीन शब्द लक्षात ठेवू या: वंश, हार्मोन, दूध. शेवटी आपल्याला दिसेल, की तिन्ही खरे होते आणि त्यांना जोडणारी गाठ अशा जागी होती, जिथे त्या काळी कुणी पाहू शकत नव्हतं.

दुधातलं 'काहीतरी'

या प्रश्नाची सुरुवात अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत झाली. 1933 मध्ये तिथल्या मंडळींच्या लक्षात आलं, की जास्त गाठी होणाऱ्या आणि कमी गाठी होणाऱ्या वंशांचा संकर केला, की मुली आईच्या वळणावर जातात. आई जास्त गाठींच्या वंशातली असेल तर मुलींना गाठी होतात, बाप तसा असेल तर फारशा होत नाहीत. नुसती जनुकं कारण असती, तर दोन्ही बाजूंनी सारखाच परिणाम दिसायला हवा होता.

जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला. जास्त गाठी होणाऱ्या वंशाची पिल्लं जन्मताच उचलली आणि कमी गाठी होणाऱ्या वंशाच्या दाईला पाजायला दिली. 1936 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: अशा पिल्लांमध्ये मोठेपणी गाठींचं प्रमाण खूप खाली येतं. वंश तोच, फक्त दूध बदललं. बिटनर 'विषाणू' हा शब्द टाळत राहिले. त्या काळात कर्करोगाला विषाणू कारणीभूत आहे असं म्हणणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं होतं. ते नुसतं 'दुधाचा प्रभाव' म्हणत.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोल कण दिसले, त्यांना 'बी-प्रकारचे कण' म्हणू लागले. इथे एक घोळ आधीच मिटवू. हा 'बी' कणांच्या वर्गीकरणातला आहे. थोड्या वेळाने आपण ज्या 'बी पेशी' भेटणार आहोत, त्यांच्याशी या अक्षराचा काही संबंध नाही. नियतीचा खेळ असा, की या कणाला राहायला घर लागलं ते नेमकं बी पेशींचंच. पण ते पुढे. 1970 मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी आरएनएवरून डीएनए तयार करणारं विकर शोधलं आणि हा कण रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे तो आपली प्रत यजमान पेशीच्या डीएनएत कायमची शिवून टाकतो, हे उलगडलं. त्याचं नाव लांबलचक आहे, आपण त्याला एमएमटीव्ही म्हणू.

मुंबईच्या आयांचं दूध

आता 1971. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचे डॅन मूर आणि त्यांचे सहकारी 'नेचर'मध्ये एक लेख छापतात: मानवी स्तनकर्करोगाच्या विषाणूचा शोध. लेखकांच्या यादीत आपल्या मुंबईची नावं आहेत: सत्यवती सिरसाट, जे. सी. पेमास्टर, अखिल वैद्य. सिरसाट बाईंनी परळला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम उभारलं होतं. मुंबईतल्या पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त दिसत होतं आणि हा समाज आपसांत लग्नं करणारा. म्हणून पारशी मातांच्या दुधाचे नमुने घेतले गेले, अमेरिकन मातांचेही घेतले गेले. काही नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण सापडल्याचं त्या लेखात म्हटलं होतं.

जरा कल्पना करा. एखादी पारशी आई, घरात आजीला, मावशीला हा आजार झालेला, मांडीवर महिन्याचं बाळ आणि कुणीतरी म्हणतं, तुझ्या दुधात काहीतरी दिसलं. जी शंका आपल्या ताईंनी चिठ्ठीत लिहिली, ती तेव्हा जगभर साहजिकच उभी राहिली.

या शास्त्रज्ञांनी चूक केली असं आम्ही म्हणणार नाही. प्रश्न योग्य होता, विचारणं गरजेचं होतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली 'सारखा दिसणारा' कण म्हणजे 'तोच' विषाणू नव्हे. दुधात चरबीचे, पेशींच्या तुकड्यांचे असंख्य गोल कण असतात. पुढच्या काळात हे निरीक्षण पक्कं ठरलं नाही. आजही अधूनमधून मानवी गाठींत उंदराच्या विषाणूसारखे जनुकांचे तुकडे सापडल्याचे दावे होतात, इतरांना ते सापडत नाहीत आणि तो माणसातल्या कर्करोगाचं कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. पारशी स्त्रियांतल्या जास्त प्रमाणामागे उशिरा लग्न, कमी मुलं अशी कारणं नंतर पुढे आली.

मग उंदरात जे इतकं सरळ घडतं, त्याची यंत्रणा काय? त्यासाठी आपल्याला परळ आणि बार हार्बर दोन्ही सोडून एका वेगळ्याच कहाणीकडे जावं लागेल. त्या कहाणीतल्या लोकांना दुधाशी, कर्करोगाशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसरी कहाणी: विनाकारण चिडणाऱ्या पेशी

थोडी उजळणी. आपल्या रक्षणकर्त्या लिम्फोसाइट पेशी दोन मोठ्या गटांत मोडतात. टी पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीत शिकून तयार होतात, हे 1961 मध्ये जॅक मिलर यांनी दाखवलं. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात. कोंबडीत त्या 'बर्सा' नावाच्या अवयवात तयार होतात म्हणून बी. मॅक्स कूपर यांनी 1965 मध्ये या दोन शाखा स्पष्टपणे वेगळ्या केल्या.

पण बी पेशी नुसती प्रतिपिंडं बनवत नाही. ती परक्या पदार्थाचा तुकडा आपल्या अंगावरच्या एका ताटलीत ठेवून टी पेशीला दाखवते. या ताटलीला एमएचसी म्हणतात. टी पेशीला तो तुकडा ओळखीचा वाटला, तर ती बी पेशीला मदत करते: वाढ, पसर, कामाला लाग. या दाखवण्याला 'सादरीकरण' म्हणतात. आजचा सगळा खेळ या दाखवण्याचा आहे.

दोन उंदरांचे लिम्फोसाइट एका बशीत मिसळले, तर ताटल्या वेगळ्या असल्यास ते एकमेकांवर चिडतात. ताटल्या तंतोतंत सारख्या असल्या, तर शांत राहायला हवेत. 1973 मध्ये लंडनच्या हिलियर्ड फेस्टेनस्टाइन यांनी लिहिलं, की काही वंशांच्या ताटल्या अगदी सारख्या असूनही एका बाजूच्या टी पेशी जोरदार उसळतात. हे चिडवणारं जे काही आहे, त्याला पुढे 'एमएलएस' असं नाव पडलं.

हे एमएलएस विचित्र होतं. साध्या परक्या पदार्थाला दहा हजारांत किंवा लाखात एखादी टी पेशी ओळखते. इथे शंभरातल्या पाच, दहा, कधी वीस पेशी उसळायच्या. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड करायला गेलं, तर होत नव्हतं. आणि ते दाखवण्यात सर्वांत पुढे होत्या बी पेशी, दाखवण्याच्या कामात एरवी वस्ताद मानलेल्या इतर पेशी इथे मागे पडायच्या. जवळजवळ पंधरा वर्षं हे कोडं तसंच राहिलं. अनेकांनी तर त्याचा नाद सोडला.

आडनावाची हाक

1984 च्या सुमारास टी पेशीचा ग्राहक, म्हणजे ओळखायचा हात, जनुकांच्या पातळीवर सापडला. तो दोन साखळ्यांचा असतो आणि त्यातल्या बीटा साखळीचा एक भाग वीस-एक ठरावीक कुटुंबांतून येतो. त्यांना व्ही-बीटा 6, व्ही-बीटा 14 असे क्रमांक आहेत.

हे आपल्या गावाच्या भाषेत सांगतो. प्रत्येक टी पेशी म्हणजे एक माणूस: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. साधा परका पदार्थ पूर्ण नावाने हाक मारतो, म्हणून एखादाच वळून बघतो. व्ही-बीटा म्हणजे नुसतं आडनाव. बेलपाड्यात बाजाराच्या दिवशी मध्ये उभं राहून तुम्ही 'अहो पाटील!' म्हणून हाक दिली, तर किती जण वळतील? (हशा) इथेच हात वर झाले बघा. एमएलएस हेच करत होतं. ते ताटलीतला घास दाखवतच नव्हतं. ते ताटलीच्या कडेला आणि टी पेशीच्या हाताच्या बाजूला धरून दोघांना जुंपत होतं आणि एका आडनावाच्या सगळ्यांना एकदम हाक मारत होतं. अशा पदार्थांना 1989 पासून 'सुपरअँटिजेन' म्हणू लागले. अन्नातून विषबाधा करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंची काही विषंही याच जातीची निघाली.

आता सहनशीलतेचा मुद्दा. आपली टी पेशी आपल्याच शरीरावर का चिडत नाही? मॅकफार्लेन बर्नेट यांची कल्पना जुनी होती: स्वतःवर चिडणाऱ्या पेशी कोवळ्या वयातच मारल्या जात असाव्यात. पण हे डोळ्यांनी पाहायचं कसं? लाखात एक असलेली पेशी नाहीशी झाली, तर कळणार कसं? इथे आडनाव कामी आलं. डेन्व्हरमधले जॉन कॅप्लर आणि फिलिपा मॅरॅक हे पतीपत्नी. त्यांनी 1987 मध्ये दाखवलं, की एका विशिष्ट व्ही-बीटाच्या पेशी काही उंदरांच्या थायमसमध्ये तयार होऊ लागतात, पण पिकून बाहेर पडत नाहीत. 1988 मध्ये डेन्व्हरच्या चमूने आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या रॉबसन मॅकडोनल्ड यांच्या चमूने स्वतंत्रपणे एमएलएसबद्दल तेच सांगितलं. ज्या उंदरांत एमएलएस आहे, त्यांच्या अंगात व्ही-बीटा 6 आणि 8.1 या आडनावांची माणसंच उरलेली नव्हती. मतदारयादीतून अख्खं कुटुंब गायब.

स्वतःवर चिडू शकणाऱ्या पेशी थायमसमध्ये खरोखर मारल्या जातात, याचा हा स्वच्छ पुरावा होता. रोगप्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही तो येतो. पण एक प्रश्न शिल्लक होता. हा एमएलएस आहे तरी काय?

1991: दोन नद्यांचा संगम

उत्तर 1991 मध्ये आलं आणि एकाच वर्षात, एकामागून एक लेख छापले गेले. मॅरॅक आणि कॅप्लर यांच्या लक्षात आलं, की सी3एच वंशाच्या काही उंदरांत व्ही-बीटा 14 च्या पेशी हळूहळू नाहीशा होतात आणि हा गुण आईकडूनच येतो. बापाकडून नाही. पिल्लू दुसऱ्या आईला पाजायला दिलं, तर गुण बदलतो.

ऐकून ओळखीचं वाटलं ना? बिटनरचा 1936 चा प्रयोगच तो, फक्त मोजायची वस्तू बदलली. 1936 मध्ये गाठी मोजल्या, 1991 मध्ये टी पेशींची आडनावं मोजली. दुधातून जाणारी वस्तू तीच होती: एमएमटीव्ही. या विषाणूच्या जनुकसंचाच्या टोकाला एक जनुक होतं, त्याचं काम काय हे कुणाला कळलेलं नव्हतं. तेच सुपरअँटिजेन बनवत होतं.

मग फेस्टेनस्टाइन यांचं एमएलएस? तेही हाच विषाणू, पण दुधातला नव्हे. फार पूर्वी कधीतरी एखाद्या उंदराच्या बीजपेशीत विषाणूची प्रत शिवली गेली आणि तेव्हापासून ती पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येते आहे. प्रयोगशाळेतल्या बहुतेक वंशांत अशा दोन ते आठ जुन्या प्रती असतात. 'एमएलएस-1' म्हणजे त्यांतली 'एमटीव्ही-7' नावाची प्रत. वीस वर्षं ज्याला उंदराचं स्वतःचं जनुक समजत होतो, तो घरात येऊन राहिलेला आणि सातबाऱ्यावर नाव चढवलेला विषाणू निघाला.

बी पेशी हवीच कशाला?

आता खरा पेच. विषाणू टी पेशींना असा डिवचतो कशाला? शहाणा चोर दाराची घंटा वाजवत नाही. हा तर सगळ्या पाटलांना हाका मारत आत येतो.

त्याचा प्रवास बघू. पिल्लू दूध पितं. विषाणू आतड्यात जातो, तिथे आतड्याच्या भिंतीत लिम्फोसाइटची वस्ती असते, तिला पेयरचे पुंजके म्हणतात. तिथे तो बी पेशींत शिरतो. पण रेट्रोव्हायरसची एक अडचण असते. आपली प्रत डीएनएत शिवायला त्याला वाढणारी, विभागणारी पेशी लागते. थोड्याशा बी पेशींत तो शिरला आणि त्या झोपूनच राहिल्या, तर खेळ संपला. म्हणून बी पेशी सुपरअँटिजेन अंगावर मिरवते, त्या आडनावाच्या सगळ्या टी पेशी धावत येतात आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे बी पेशीला म्हणतात: वाढ! बी पेशी वाढते, विभागते, विषाणूच्या प्रती वाढतात. ज्या मदतीने रोग हटवायचा, त्याच मदतीवर विषाणू पोसला जातो. पुढे लिम्फोसाइटमार्फत तो स्तनाच्या ऊतींत पोहोचतो. तिथे गर्भारपणातले, स्तनपानाच्या काळातले हार्मोन्स त्याला जागं करतात, तो दुधात उतरतो आणि पुढच्या पिल्लाकडे जातो. कधी त्याची प्रत नको त्या जनुकाशेजारी शिवली जाते आणि गाठ होते. 1982 मध्ये रोल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना असंच एक जनुक सापडलं, आज त्याला डब्ल्यूएनटी-1 म्हणतात.

हे नुसतं सुंदर वर्णन नाही, त्याला पुरावे आहेत. 1992 मध्ये तात्याना गोलोव्किना आणि सुझन रॉस यांच्या गटाने पिल्लांच्या जनुकांतच या सुपरअँटिजेनचं जनुक घातलं. त्या पिल्लांच्या थायमसने ते आडनाव आधीच खुडून टाकलं. मग विषाणू असलेल्या आईचं दूध पाजलं, तरी विषाणूला पाय रोवता आला नाही. त्याने हाक मारली, पण ओ द्यायला कुणी नव्हतं. 1993 मध्ये लोझानच्या गटाने दाखवलं, की सुपरअँटिजेनने उठवलेली ही उसळी विषाणूची लागण कैक पटींनी वाढवते आणि तिच्याशिवाय तो पुढच्या पिढीकडे जात नाही. 1994 मध्ये ब्रिगिटे ह्यूबर यांच्या गटाने बी पेशी मुळातच नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यात विषाणू पसरलाच नाही.

पण त्याच 1994 च्या लेखात एक खोच आहे आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बी पेशी नसलेल्या उंदरांतही वारशाने आलेल्या सुपरअँटिजेनमुळे टी पेशी खुडल्या जातच होत्या. म्हणजे थायमसमध्ये हे काम दुसऱ्या पेशीही करू शकतात. 'बी पेशीच सगळं करते' असं वाक्य सोपं, टाळ्या घेणारं, पण चूक. विषाणूच्या प्रसाराला बी पेशी अत्यावश्यक. थायमसमधल्या सहनशीलतेत ती अनेकांपैकी एक. गेल्या दहा-पंधरा वर्षांत थायमसमध्येच राहणाऱ्या मूठभर बी पेशी आढळल्या, त्या सहनशीलता घडवायला हातभार लावतात असंही दिसलं. पण हातभार म्हणजे मक्तेदारी नव्हे.

मोठ्या वयाच्या उंदराचं काय? 1990 मध्ये सुझन वेब आणि जोनाथन स्प्रेंट यांनी प्रौढ उंदरांना एमएलएस असलेल्या पेशी टोचल्या. त्या आडनावाच्या टी पेशी आधी भराभर वाढल्या आणि मग एकेक करून मेल्या. उरलेल्या पुष्कळशा सुस्त पडल्या. म्हणजे सहनशीलता फक्त बालपणी थायमसमध्ये शिकवली जाते असं नाही. थोरपणीही अति उसळीनंतर ती येऊ शकते. दहीहंडीच्या दिवशी जोरात नाचलेलं पथक दुसऱ्या दिवशी दिसतं कसं, तेवढंच.

वंश, हार्मोन, दूध

आता परळच्या तीन शब्दांकडे परत येऊ. दुधातून विषाणू जातो, हे खरं. हार्मोन त्याला जागं करतात, हेही खरं. आणि वंश? काही उंदरांच्या वंशात गाठी कमी का, याची दोन मोठी कारणं आता कळली. एक, त्यांच्या जनुकांत जुनी प्रत असते, म्हणून ते आडनाव आधीच खुडलेलं असतं. दोन, ताटलीच वेगळी असते. प्रसिद्ध काळा सी57 वंश घ्या. त्याच्यात आय-ई नावाची ताटली नाही, म्हणून बी पेशी दुधातल्या विषाणूचा सुपरअँटिजेन नीट दाखवू शकत नाही, टी पेशी उसळत नाहीत आणि विषाणू अडखळतो. म्हणजे 'वंशातला प्रतिकार' हा पराक्रमाचा प्रतिकार नव्हता. हाक ऐकू न येण्याचा तो फायदा होता.

इथे सहनशीलतेचा अर्थ थोडा उलटतो. आपण समजतो, की काही टी पेशी गमावणं म्हणजे दुबळेपण. इथे त्याच गमावण्याने उंदीर वाचला. घरातला जुना विषाणू नव्या विषाणूला दार बंद करून बसला. किंमतही आहे: ते आडनाव गेलं म्हणजे त्या पेशी दुसऱ्या एखाद्या आजारात उपयोगी पडल्या असत्या, तर तो उपयोगही गेला.

कमल रणदिवे 2001 मध्ये गेल्या. 1991 च्या संगमापर्यंत ज्या पिढीने परळला उंदरांच्या पिंजऱ्यांवर खडूने वंशांची नावं लिहिली, पिल्लं या आईकडून त्या आईकडे दिली, महिनोन्‌महिने गाठी मोजल्या, त्यांच्या हातात टी पेशीचा ग्राहक ओळखायचं साधन नव्हतं. पण तिन्ही धागे एकत्र बघा, एकाला कारण ठरवून बाकीचे फेकू नका, हा त्यांचा आग्रह बरोबर निघाला. खारघरच्या त्या इमारतींकडे पुढच्या वेळी पाहाल, तेव्हा एवढं आठवा.

आता चिठ्ठीचं उत्तर

ताई, उंदरात जे घडतं, त्यासाठी पाच गोष्टी जुळाव्या लागतात: दुधात तो विषाणू, त्याला घर देणारी बी पेशी, त्याला दाखवणारी ताटली, ती हाक ऐकणारी टी पेशी आणि पुढे हार्मोन. माणसात पहिलीच गोष्ट सिद्ध झालेली नाही. आईला कर्करोग होता आणि तिचं दूध प्यायलं, म्हणून मुलींना धोका वाढतो का, हेही वेगळं तपासलं गेलं आणि तसं दिसलं नाही. घराण्यातून जे येतं, ते बीआरसीए-1 सारख्या जनुकांतून. ते दूध पाजलं काय, न पाजलं काय, जन्माआधीच ठरलेलं असतं. म्हणून घरात कमी वयात किंवा अनेकांना हा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि तपासणीबद्दल विचारा.

आणि पाजणाऱ्या आईचं काय? 2002 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला: आयुष्यात एकूण जितके महिने पाजलं, त्यातल्या प्रत्येक 12 महिन्यांमागे आईचा स्तनकर्करोगाचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ज्या दुधाची भीती 1971 मध्ये वाटली, ते पाजणं आईलाच थोडं राखतं.

श्रोत्यांतून प्रश्न: मग माणसात असे सुपरअँटिजेन नाहीतच का?

आहेत, जिवाणूंचे तर नक्की. स्टॅफिलोकॉकसच्या विषाने होणारा टॉक्सिक शॉक त्यातलाच. आपल्या डीएनएतही सुमारे 8 टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसचे अवशेष आहेत. पण उंदरासारखं एखादं आडनावच माणसाच्या यादीतून वारशाने गायब, असं चित्र दिसत नाही.

प्रश्न: परळला काम करणाऱ्यांची मेहनत मग वाया गेली?

अजिबात नाही. उंदराने आपल्याला सहनशीलता म्हणजे काय, हे शिकवलं. ते शिकायला ज्यांनी पिंजरे सांभाळले, त्यांत आपली माणसं होती. आणि 1971 मध्ये मुंबईच्या आयांनी दूध दिलं, म्हणूनच तो प्रश्न नीट तपासता आला आणि आज ताईंना आपण ठामपणे सांगू शकलो, की पाजा.